घरचें डायलिसिस : निवड रोग्याची कीं घराची?

दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं हें डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरांतील मंडळींच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो, तो ‘आतां पुढें काय?’ हा, आणि दुसरा, ‘कोठें न्यावयाचें?’ हा. तिसरा एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पण तो बहुधा कोणी विचारीतच नाहीं. हा उपचार आपल्या घरीं करतां येईल काय, आणि येत असल्यास तो करणार कोण? या महिन्यांत या तिसऱ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आम्हीं योजिलें आहे.

निरोगी माणसाचीं मूत्रपिंडें चोवीस तासांत सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील लिटर-दीड लिटर तेवढा लघवीच्या रूपानें बाहेर टाकतात. हें काम बंद पडलें म्हणजे तें बाहेरून करून घ्यावें लागतें. त्याचे प्रकार दोन. पहिला रक्ताच्या डायलिसिसाचा. हाताच्या शिरेंतून रक्त यंत्रांत न्यावयाचें, तेथें तें शुद्ध करावयाचें व परत शरीरांत सोडावयाचें. ही बैठक सुमारें चार तासांची असते व आठवड्यांतून बहुधा तीन वेळां करावी लागते. या यंत्रास मिनिटाला सुमारें अर्धा लिटर, म्हणजे एका बैठकीस १२० लिटर, विशेष रीतीनें शुद्ध केलेला द्रव लागतो. असें यंत्र घरींही बसवितां येतें. पण पाणी शुद्ध करण्याचें वेगळें यंत्र, न खंडणारी वीज, नळांची जोडणी आणि शिकलेला मदतनीस एवढा सरंजाम त्यास हवा.

दुसरा प्रकार पोटाच्या डायलिसिसाचा. आंतड्यांवर आणि पोटाच्या भिंतीवर आंतून एक पातळ पडदा असतो. त्यालाच गाळणी करावयाचें. पोटांत एक मऊ नळी कायमची बसवितात, तींतून सुमारें दोन लिटर औषधी द्रव आंत सोडतात, कांहीं तास ठेवतात, मग तो काढून नवा भरतात. हें दिवसांतून बहुधा चार वेळां करावें लागतें व दर वेळीं सुमारें अर्धा तास जातो. यास यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं, सुईही लागत नाहीं. रात्रीं झोपेंत हेंच काम करणारें एक लहान यंत्रही मिळतें. त्यास मात्र वीज लागते. ही रीत अमेरिकेंत पोपोविच व मॉन्क्रीफ यांनीं १९७६ च्या सुमारास सुरू केली. टोरांटोच्या ओरिओपुलस यांनीं काचेच्या बाटल्यांऐवजीं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून ती सोपी केली. आणि १९९१ पासून ती आपल्या देशांत आली. घरचें डायलिसिस म्हटलें म्हणजे आपल्याकडे मुख्यतः हेंच समजावें.

आतां पालघर जिल्ह्याचें उदाहरण घेऊं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचें वर्णन सागरी, नागरी आणि डोंगरी असें करितात, व तें खरें आहे. एका बाजूस केळवें-माहीम, चिंचणी, तारापूर हीं किनाऱ्यावरील गांवें. मध्यें रेल्वेच्या रुळांलगत पालघर व बोईसर. आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे घाट. समजा, चिंचणीच्या एका घरांत अडुसष्ट वर्षांचे सेवानिवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचें रक्ताचें डायलिसिस मुंबईस ठरलें आहे. आठवड्यास तीन म्हणजे वर्षास १५६ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरींत आधीं बोईसर किंवा वाणगांव गांठावयाचें, मग गाडी, मग चार तासांची बैठक, आणि बैठकीनंतरच्या थकव्यांत तोच प्रवास उलट. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूरोडपर्यंत धावूं लागल्या, त्यानें पुष्कळ सोय झाली. तरी आजारी माणसास ती वाट लांबच. केंद्र पालघर-बोईसरास मिळालें तर कष्ट निम्म्याहून कमी होतात, पण वार आणि वेळ हे तेथेंही चुकवितां येत नाहींत. जुलै १९१८ ची साथ कोणास आठवत नसेल. पण १० जुलै २०१८ रोजीं नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून वसई-विरारची वाहतूक थांबली होती व २३ मार्च २०२० पासून उपनगरी गाड्याच बंद झाल्या होत्या, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. अशा दिवशीं ज्याच्या घरांत द्रवाच्या पिशव्या असतील त्याचें निदान गाडीवांचून अडत नाहीं.

एवढें वाचून ‘मग घरींच करावें’ असें कोणी ठरवील तर तें घाईचें होईल. घरचा उपचार सर्वांस मानवत नाहीं. निवड करावीच लागते. परंतु निवड कशाची करावयाची व ती कोणीं करावयाची, याविषयीं एक जुनी हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९६० सालीं सिअॅटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातावर कायम ठेवतां येणारी नळी तयार केली आणि डायलिसिसावर वर्षानुवर्षें जगणें प्रथमच शक्य झालें. पण यंत्रें थोडीं आणि रोगी पुष्कळ. तेव्हां कोणास घ्यावयाचें हें ठरविण्यास नागरिकांची एक सात जणांची समिती नेमण्यांत आली. ती रोग्याचें उत्पन्न, कुटुंब, शिक्षण, समाजांतील वागणूक, चर्चमधील हजेरी असल्या गोष्टी पाहूं लागली. १९६२ सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें ही हकीकत छापली तेव्हां मोठी खळबळ उडाली. पुढें १९६४ सालीं हायस्कुलांत शिकणाऱ्या एका मुलीस वयामुळें केंद्रांत जागा मिळेना. त्या वेळीं स्क्रिब्नर यांनीं अणु-अभियांत्रिकीचे प्राध्यापक बॅब यांस गांठलें. त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह घरीं ठेवतां येईल असें लहान यंत्र बनविलें व त्या मुलीवर तिच्या घरींच उपचार होऊं लागले. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारीं राहणाऱ्यांस ही गोष्ट विशेष वाटेल. सांगावयाचें तें इतकेंच कीं, घरच्या डायलिसिसाचा जन्म कांहीं अंशीं निवडींत नाकारलेल्या एका मुलीमुळें झाला. म्हणून ‘योग्य रोगी’ हा शब्द वापरतांना जपावें. पाहावयाची ती माणसाची लायकी नव्हे. त्याच्या देहास, हातांस आणि घरास हें काम झेपेल काय एवढेंच.

प्रथम देहाचें पाहूं. पोटावर पूर्वीं मोठ्या शस्त्रक्रिया होऊन आंतील भाग एकमेकांस चिकटलेले असतील, दुरुस्त न होण्याजोगा हर्निया असेल, आंतड्यांचा जुनाट दाह असेल, किंवा द्रवाच्या दाबानें श्वास कोंडेल असा फुप्फुसांचा विकार असेल, तर पोटाची पद्धत बहुधा सोडावी लागते. उलट, ज्याचें हृदय दुबळें असून चार तासांत एकदम पाणी काढलेलें सोसत नाहीं, ज्याच्या शिरा बारीक आहेत, जो अद्याप थोडी लघवी करितो, किंवा जें मूल शाळेंत जातें, त्यांस ती विशेष मानवते. मधुमेह्यांस ती वर्ज्य नाहीं. पण द्रवांतील साखर शरीरांत शोषिली जाते, म्हणून औषधाचें मान बदलावें लागतें. आणखी एक गोष्ट शाकाहारी घरांनीं लक्षांत ठेवावी. या पद्धतींत दररोज कांहीं ग्रॅम प्रथिनें द्रवाबरोबर वाहून जातात. आजार्‍यास वरणाचें पाणी आणि मऊ भात देऊन उपाशी ठेवण्याची आपली माया येथें घातक ठरते. डाळ, दूध, पनीर किती द्यावें हें आहारतज्ज्ञास विचारून ठरवावें.

केवळ वयावरून कोणास वगळूं नये. जयप्रकाश नारायण यांचीं मूत्रपिंडें १९७५ सालीं बंदिवासाच्या काळांत निकामी झालीं तेव्हां त्यांचें वय त्र्याहत्तर होतें. मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत त्यांच्यावर डायलिसिसाचे उपचार सुरू झाले. पुढें लोकवर्गणीनें घेतलेल्या यंत्रावर पाटण्यास त्यांच्या राहत्या घरीं ते चालले, आणि ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते जगले. त्या चार वर्षांत देशाच्या राजकारणांत त्यांचें स्थान काय होतें हें सांगावयास नको. अर्थात् त्यांच्यामागें डॉक्टर होते, शिकविलेलीं माणसें होतीं. वृद्धाचें डायलिसिस वयानें अडत नाहीं. मागें माणूस नसल्यानें अडतें.

देहानंतर घर. पोटाच्या डायलिसिसास बंगला लागत नाहीं. दार लावतां येईल असा एक कोपरा, धुतां-पुसतां येईल असें टेबल, चांगला उजेड, हात धुण्यास वाहतें पाणी आणि पिशवी टांगण्यास एक खुंटी, एवढें पुरे. मात्र सामानास जागा हवी. दिवसास चार पिशव्या, प्रत्येकीं दोन लिटर, म्हणजे महिन्यास २४० लिटर द्रव झाला. हीं खोकीं ओल, ऊन आणि उंदीर यांपासून जपावीं लागतात. जव्हारच्या बाजूस पावसाळ्यांत रस्ता अडण्याचा संभव असतो. तेथें कांहीं दिवसांचा जादा सांठा आधींच करून ठेवावा.

आपल्या घरांत एक गैरसमज होण्याचा संभव आहे. सोवळें आणि निर्जंतुकता या दोन गोष्टी एक नव्हेत. ओलेत्यानें वावरणारा शास्त्रानें शुद्ध असेल. पण त्याच हातानें नळीचें टोंक धरलें तर जंतू आंत जातील. साबणानें कोपरापर्यंत नीट हात धुणें, अंगठ्या-बांगड्या काढणें, नखें कापलेलीं असणें, तोंडावर पट्टी बांधणें, पंखा व खिडकी बंद करणें, आणि धुतलेले हात पदरास न पुसणें, हें येथलें सोवळें. ज्या घरांत ‘चार दिवस बाजूस बसण्याची’ चाल अद्याप असेल त्या घरानें हें पक्कें समजून घ्यावें कीं उपचार चार दिवस थांबत नाहीं, आणि त्या दिवसांत स्त्रीनें तो करण्यास वैद्यकाची कोणतीही हरकत नाहीं. मदतीस बाई ठेवावयाची झाल्यास तिची जात विचारूं नये. ती हात कसे धुते हें पाहावें. मात्र सोवळ्यांतील एक गुण येथें खरोखर उपयोगी पडतो, तो म्हणजे न कंटाळतां दररोज तोच क्रम पाळण्याचा. कारण दिवसास चार वेळां म्हणजे वर्षास १४६० वेळां ही नळी जोडावयाची व सोडावयाची आहे, आणि पोटाच्या पडद्यास दाह होण्यास एक निष्काळजी वेळ पुरते. काढलेला द्रव असा निर्मळ असावा कीं पिशवीमागें धरलेलें छापील अक्षर वाचतां यावें. तो गढूळ दिसला, पोट दुखूं लागलें किंवा ताप आला, तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. उद्यांवर टाकूं नये.

आतां या विषयाच्या गाभ्याकडे येऊं. चिंचणीच्या त्या घरांतून वडील आणि दोन मुलगे डॉक्टरांकडे गेले आहेत. डॉक्टर विचारितात, ‘घरीं हें करण्यास कोणी आहे काय?’ थोरला उत्तर देतो, ‘सून आहे ना!’ डॉक्टर कागदावर खूण करितात, निवड झाली. जिच्यावर वर्षाच्या १४६० जोडण्या येऊन पडल्या ती त्या वेळीं घरीं पोळ्या लाटीत आहे. तिला संध्याकाळीं कळतें.

ही निवड खरी नव्हे. मामंजींचें करावयास ती नको म्हणणार नाहीं, हें खरें. पण ‘नाहीं’ म्हणतां येत नसतांना मिळालेला होकार हा होकार नसतो. दररोजचे दोन तास, म्हणजे वर्षाचे सातशेंहून अधिक तास, ती कोठून आणणार? तिचीं दुसरीं कोणतीं कामें कोण उचलणार? ती माहेरीं गेली, बाळंतीण झाली, तापानें पडली, तर नळी कोण जोडणार? आणि वडिलांच्या मनाचें काय? सुनेसमोर पोट उघडें करणें कित्येक वृद्धांस जड जातें. ते बोलत नाहींत, पण पिशवीची वेळ टाळूं लागतात. हे प्रश्न संकोचाचे म्हणून कोणी काढीत नाहीं, आणि सहा महिन्यांनीं उपचार बिघडला म्हणजे दोष सुनेच्या हातांस लागतो.

यास उपाय आहे व तो कठीण नाहीं. पहिला हक्क आणि पहिलें काम रोग्याचें. ज्याची दृष्टि व बोटें शाबूत आहेत त्यानें स्वतः शिकावें. आयुष्यभर फळ्यावर सुवाच्य अक्षर काढणाऱ्या शिक्षकास हा क्रम आठवडा-दोन आठवड्यांत सहज येईल. आपलें आपण करतां येतें, या भावनेनें माणूस उभाही राहतो. मदत लागलीच तर मुलानें प्रथम शिकावें. प्रत्येक घरांत निदान दोन माणसें शिकलेलीं असावींत, आणि त्यांतील एक पुरुष असावा. सुनेस विचारावयाचें तर तिला डॉक्टरांपुढें बसवून, तिच्या तोंडून ऐकावें. ती ‘मला जमणार नाहीं’ म्हणाली तर त्याचा बोभाटा करूं नये. फ्रान्सांत अशा वृद्धांच्या घरीं नर्स येऊन हें काम करिते. आपल्याकडे तशी सोय मिळत असल्यास खर्च भावांनीं वांटून घ्यावा. एकत्र कुटुंबाचें बळ हेंच कीं ओझें वांटतां येतें. तें एकाच खांद्यावर टाकावयाचें असेल तर कुटुंब एकत्र असून उपयोग काय?

आम्ही शिकलेले, आमचें घर मोठें, म्हणून आम्ही आपोआप योग्य, हाही समज सोडावा. बोईसरच्या कारखान्यांत काम करणारा, एका खोलींत चौघांसह राहणारा मनुष्य यास अयोग्य असें कोणी सहज म्हणून टाकील. पण त्याची पत्नी नेमानें हात धुणारी असेल, किंवा तो स्वतः यंत्रावर क्रम न चुकतां काम करणारा असेल, तर ती खोलीच अधिक योग्य. अक्षरओळख नसलेल्यांसही चित्रें दाखवून आणि हातानें करवून हा क्रम शिकवितां येतो. त्याची पाळी बदलती असेल तर पिशव्यांच्या वेळा डॉक्टरांकडून पाळीस जुळवून घ्याव्या. कायम दिवसपाळी असल्यास रात्रींचें यंत्र सोयीचें, मात्र वीज किती वेळां जाते हें आधीं पाहावें. परीक्षा पदवीची नाहीं, हातांची आहे. आणि ती प्रत्यक्ष करवून पाहिल्यावांचून कोणासही उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवूं नये.

खर्चाचें बोलणेंही आधींच व्हावें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आरंभिला व २०१९ सालीं पोटाच्या डायलिसिसासाठींही त्याचे नियम काढले. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंतही डायलिसिसास साहाय्य आहे. आपल्यास त्यांतील काय लागू पडतें, हें जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन विचारावें. घरीं माणूस पाठवून डायलिसिस करूं म्हणणाऱ्या खाजगी संस्थांस तीन गोष्टी विचाराव्या. देखरेख कोणत्या मूत्रपिंडतज्ज्ञाची? रात्रीं अडचण आल्यास दूरध्वनि कोण घेतो? आणि तुमच्या रोग्यांत पोटाच्या दाहाचें प्रमाण काय? पोटाच्या पद्धतींत हा दाह एका रोग्यास सरासरी अडीच वर्षांत एकाहून अधिक वेळां होऊं नये, असें तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचें माप आहे. उत्तर टाळणाऱ्याच्या हातीं आपलें माणूस देऊं नये.

आणि ही सर्व चर्चा वेळेवर व्हावी. पोटांतील नळी वापरण्यापूर्वीं सुमारें दोन आठवडे द्यावे लागतात. रक्ताच्या डायलिसिसासाठीं हाताची शीर तयार होण्यास त्याहून अधिक. श्वास लागून मध्यरात्रीं रुग्णालय गांठल्यावर निवडीस सवडच उरत नाहीं. म्हणून मूत्रपिंडांचें काम घटत चालल्याचें डॉक्टरांनीं सांगितल्याबरोबर घरची बैठक भरवावी. तींत रोपणाचाही विचार व्हावा. तरुण रोग्यास तोच बहुधा अधिक हिताचा. फार जर्जर झालेल्या वृद्धास डायलिसिस न देतां त्रास कमी करणारे उपचार द्यावे, हाही मार्ग आहे, व तो निवडणें म्हणजे टाकून देणें नव्हे. घरची रीत न जमल्यास केंद्रांत जावें. केंद्र न सोसल्यास घरीं यावें. एकदां ठरलें तें कायमचें, असें यांत कांहीं नाहीं.

त्या बैठकींत रोगी असावा, मुलगे असावे, आणि सूनही असावी. तिला चहा घेऊन आंत जावयास सांगूं नये. तेथें सर्वांदेखत जें ठरेल, त्यावरूनच डॉक्टरांस आपलें घर योग्य आहे कीं नाहीं तें कळेल.